सवलतीत आलेलं लुगडं

भाव न करता घेतलेली वस्तू घरात नांदत नाही, असं बेबाबाईचं ठाम मत होतं. पारोळ्याच्या बाजारात ती शिरली की भाजीवाल्या एकमेकींना डोळे मिचकावत. एकीने तर तिला लांबून येताना पाहून कोथिंबिरीच्या जुड्या पोत्याखाली दडवल्या होत्या, कारण बेबाबाई वांगी घेणार आणि कोथिंबीर फुकट मागणार हे ठरलेलंच. सोनगीरला भांडी घ्यायला गेली तर एका पातेल्यासाठी अर्धा दिवस तिची उठबस चाले. उठायचं, चालू लागायचं, दुकानदाराने हाक मारली की परत येऊन बसायचं. तिचा नवरा भाईदास म्हणायचा, "यम लेवाले उना ना, तर हाई बाई त्यानासंगे बी भाव करी." बेबाबाईला यात काही टोचत नसे. उलट कौतुकच वाटे. वाचवला तो कमावला, एवढं साधं कळत नसेल तर पुरुषांनी घरात बोलूच नये.

पण श्रावणात घरी बसवतात त्या कानबाई देवीच्या बाबतीत तिने घासाघीस केली, आणि तिथून सगळं भोवलं.

गोष्ट अशी होती. तिची सून लता हिची दोन गरोदरपणं अर्ध्यातच वाया गेली होती. गेल्या श्रावणात कानबाई बसली, सगळी भाऊबंदकी जमली, तेव्हा बेबाबाईने भरल्या घरात पदर पसरून नवस केला होता. सुनेची कूस उजवू दे, पुढच्या वर्षी तुला नवंकोरं जरीचं लुगडं नेसवीन. सगळ्यांनी ऐकलं. सुंदरबाई अक्काने तर दोनदा वदवून घेतलं. अक्का म्हणजे भाऊबंदकीतली सर्वांत थोरली, शिंदखेड्याला लेकाकडे राहणारी; पण कानबाईला ती आल्याशिवाय देवीच्या नारळाला कुणी हात लावत नाही, अशी तिची जरब.

देवीने ऐकलं. लताला दिवस गेले, आणि या खेपेला ते टिकले. श्रावण आला तेव्हा तिला नववा लागला होता. कानबाई उरकली की तिला माहेरी पोचवायचं, असं ठरलं होतं.

राहिलं लुगडं. धुळ्याच्या दुकानात तसलं जरीचं लुगडं साडेचारशेच्या खाली नव्हतं, आणि दुकानदार मेला हसून बोलायचा पण एक रुपया सोडत नव्हता. बेबाबाई दोनदा उठून रस्त्यापर्यंत गेली. त्याने हाक मारली नाही. हा अपमान तिच्या मनात सलत असतानाच एका दुपारी लता साप्ताहिक वाचत बसली होती. लता दहावी शिकलेली. घरातल्या बायकांत वाचता येणारी ती एकटीच. तिने जाहिरात मोठ्याने वाचून दाखवली. कारखान्यातून थेट आपल्या घरी! दुकानदाराचा नफा वाचवा! सुरतेची अस्सल जरीची साडी निम्म्या किमतीत. व्ही.पी.पी.ने घरपोच, पैसे पोस्टमनच्या हाती. पंधरा तारखेच्या आत मागणी पाठवणाऱ्यास आणखी सवलत, शिवाय एक आरसा मोफत.

"दुकानदाराचा नफा वाचवा" हे ऐकून बेबाबाईला धुळ्याचा तो हसरा माणूस डोळ्यांपुढे आला.

"लिख," ती म्हणाली. "आजच लिख."

लताने बारीक अक्षरातलं खालचंही वाचलं. "आत्याबाई, आठे लिखेल शे, रंग कारखानावालास्ना मनना राही."

"राहू दे. सुरतवाला शेतस ते. देवीले कोनता रंग धाडाना, इतली अक्कल नही का त्यास्ले?"

देवीसाठी मागवतोय हे कारखान्याला कळणार कसं, हा विचार त्या वेळी दोघींनाही सुचला नाही. लताने मागणी लिहिली, आणि वाचणाऱ्या पैशांतून बेबाबाईने लगोलग सोनगीरहून मोठं पितळी पातेलं आणलं. माहेरून परतल्यावर बाळंतिणीच्या अंघोळीचं पाणी तापवायला ते लागणारच होतं. आल्यागेल्याला ती ते वाजवून दाखवी.

मग वाट बघणं सुरू झालं. कानबाईचा रविवार जवळ आला आणि पार्सलचा पत्ता नाही. बेबाबाईची झोप उडाली. देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरोघरच्या गव्हाचं दळण सुरू झालं, मुंबई-नाशिकला नोकरीला गेलेले चुलत दीर, पुतणे गावात उतरू लागले, आणि प्रत्येक बाई आली की पहिलं विचारे, "लुगडं दखाड ना." बेबाबाई म्हणे, देवीच्या आधी कुणाला दाखवायचं नाही. तोंडाने हसायची आणि पोस्टमनच्या वाटेकडे बघायची. रिकाम्या हाताने देवीपुढे उभं राहायचं कसं? आणि हे कोरडं भय नव्हतं. सुनेच्या पोटात नऊ महिन्यांचं बाळ होतं.

शनिवारी दुपारी पोस्टमन वना सायकल टेकवून ओट्यावर बसला. बेबाबाईचा जीव भांड्यात पडला.

"पहिले पैसा, मंग पार्सल," वना म्हणाला.

"उघाडीसन तर दखू दे."

"उघाडता येत नही. सरकारना नेम शे."

"दोन रुपया कमी कर मंग."

वना हसला. "मावशी, मी पोस्ट शे. भाजीवाला नही."

तिने पैसे मोजले, पार्सल पदराखाली घेतलं आणि मागच्या चाऱ्याच्या खोलीत जाऊन कडी लावली. सुतळी तोडली. आधी आरसा निघाला, तळहाताएवढा, कोपऱ्यात तडकलेला. मग कागद बाजूला केला आणि बेबाबाई मटकन खालीच बसली.

लुगडं पांढरं होतं. पांढरंफटक. काठाला बोटभर चंदेरी पट्टी, बस.

हळदीकुंकवाच्या देवीला पांढरं! नवसाचं, भरल्या पोटाच्या सुनेसाठी बोललेलं, आणि विधवेचं लुगडं घरात आलं. तिला आधी लेक आठवला, छगन, जो जळगावहून रात्रीच्या गाडीने यायचा होता. मग सून. मग पोटातलं. कुणावर हे आलंय, हेच तिला कळेना. तिने ते घाईघाईने चाऱ्यात खुपसलं आणि देवाची करुणा भाकत दाराला पाठ लावून बसून राहिली.

नवऱ्याला सांगून पारोळ्याला पळावं, दुसरं आणावं, हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. पण पैसे पातेल्यात आणि पार्सलात गेले होते. भाईदासजवळ मागायचे तर का ते सांगावं लागणार, आणि कानबाईच्या नवसात काटकसर केली हे भाऊबंदकीत फुटायला एक रात्र पुरे. त्यातून पांढरं लुगडं घरात आलंय हे लताच्या कानावर गेलं तर? दोनदा पोळलेली पोर ती. नुसत्या धसक्याने काही झालं असतं.

मग बेबाबाईतली हिशेबी बाई जागी झाली. दुकानातून तिने लाल रंगाच्या दोन पुड्या आणल्या. पुडीवर बारीक अक्षरात काहीबाही छापलेलं होतं. ते वाचायला घरात लताच होती, आणि लताला तर विचारायचं नव्हतं. ती आपल्या अंदाजाने निघाली. नव्या पितळी पातेल्यात कोमट पाणी केलं, रंग कालवला आणि लुगडं बुडवलं. वर आलं ते कुंकवासारखं लालभडक. तिचे हात मनगटापर्यंत रंगले, पण जीव थोडा खाली आला. श्रावणाची भुरभुर चालू होती. उन्हाचं नाव नाही. चाऱ्याच्या खोलीत वळचणीला तिने ते पसरून टाकलं. रविवारी दुपारी हात लावला तेव्हा वरून वाळलं होतं. आतल्या घड्या दमट होत्या. तेवढ्याने काय होतं, म्हणून तिने ते तसंच घडी घालून ताटात ठेवलं.

अक्काने लुगडं बघितलं. बोटांत धरून चोळलं. बेबाबाईने घाईने हात पदराखाली घेतले.

"जर कमी वाटस," अक्का म्हणाली.

"आते असंच येस अक्का. नवीन फॅशन."

"आनि तुना हात का बरं लाल?"

"कुंकू सांडं."

अक्काने आणखी एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि मग देवी सजवायला घेतली. चौरंग मांडला, केळीचे खांब बांधले, नारळाला नथ-डोळे लावले, लाल लुगड्याच्या निऱ्या काढून देवीला नेसवलं. देवी दिसली मात्र देखणी. बायकांनी गाणी धरली. रोटांचा खरपूस वास घरभर पसरला. बेबाबाई कोपऱ्यात हात जोडून उभी होती आणि मनात एकच घोकत होती. माझं काय करायचं ते कर, पोरीला हात लावू नको.

लताची कंबर सकाळपासून दुखत होती. तिने सांगितलं नव्हतं. सणाच्या घरात कशाला, म्हणून. दिवेलागणीला आरती चालू असताना ती भिंत धरून आतल्या खोलीत गेली आणि खाली बसली. गावच्या सुईणीला, मंजुळाबाईला, आरतीतूनच ओढून आणलं. ती आत गेली आणि थोड्या वेळाने पदराला हात पुसत बाहेर आली, तेव्हा तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

"पोर आडं शे," ती बेबाबाईच्या कानाशी म्हणाली. "आठे मना हातनं काम नही. आत्तेच धुयाले लई जा. येळ लावशात तर दोन्ही जातीन."

छगन धावत सुटला. धुळ्याला न्यायला गावातल्या झुलालची जीप दारात आली. लताला दोघी बायांनी दोन्हीकडून धरून उभं केलं. तेवढ्यात माजघरातून किंकाळी आली.

आरतीनंतर बायकांनी देवीवर फुलाने पाणी शिंपडलं होतं. एकीने प्रसादाचा नारळ फोडला तेव्हा त्याचं पाणी उडून निऱ्यांवर पडलं होतं. आता चौरंगावरच्या पिवळ्या कापडावर एक लाल थेंब पडला होता. मग दुसरा. निऱ्यांच्या टोकाशी तिसरा जमत होता. समयांच्या उजेडात तो चमकत होता, आणि सगळं घर त्याच्याकडे बघत होतं. टाळ थांबले. कुणाचं तरी लहान मूल रडायला लागलं. मग तोही थेंब पडला.

"रगत!" कुणीतरी म्हणालं. "कानबाईले रगत उनं!"

बायका मागे सरल्या, पुरुष उंबऱ्याशी गोळा झाले. अक्काने चौरंगापुढे लोटांगण घातलं. ती उठली तेव्हा थरथरत होती. एवढ्या जरबेची बाई, पण बेबाबाईने तिला असं भ्यालेलं कधी पाहिलं नव्हतं.

"देवी कोपनी," अक्का म्हणाली. "बठ्ठा ऐका. सकाय विसर्जन व्हस तवलोंग कोनी उंबरा वलांडाना नही. जो वलांडी, त्याना जीवनी मी जबाबदार नही."

"अक्का, लताले धुयाले..." छगन म्हणाला.

"तिलेच तर पहिले थांबाडा! नवस तिनाच शे ना? देवी तिनाकरताच रडी राहिनी!"

लताला धरलेल्या दोघी बायांनी भीतीने तिला सोडलं. ती भिंतीला टेकून खाली घसरली. भाईदासने देवीपुढे हात जोडले. झुलालने बाहेर जीप बंद केली. इंजिनाचा आवाज थांबला तशी आतून लताची ओरड स्पष्ट ऐकू आली.

बेबाबाई जागच्या जागी खिळली होती. तो रंग आहे हे त्या घरात एकट्या तिला ठाऊक होतं, आणि तरी क्षणभर तिलाही वाटलं, की नाही, रक्तच असेल. आपण देवीला फसवलं, आता देवी आपलं फेडते आहे. तोंड उघडलं तर भाऊबंदकी तिला जिवंत सोडणार नव्हती. नवसात खोट केली, देवीला विधवेचं लुगडं रंगवून नेसवलं; याला माफी नाही. रोटाच्या पंगतीतून उठवतील, या घरात पुन्हा कानबाई बसू देणार नाहीत. आणि देवी? देवी काय करेल? आत लता पुन्हा ओरडली. या खेपेला ओरड अर्ध्यातच तुटली.

बेबाबाई पुढे झाली. देवी बसल्यावर तिला हात लावायचा नसतो. तिने लावला. लुगड्याचा सोगा मुठीत धरला आणि प्रसादाच्या वाटीवर पिळला. लाल पाणी वाटीत पडलं.

"रंग शे!" ती किंचाळली. "रगत नही, रंग शे! दुकानमाईन पुड्या लयनू मी. लुगडं पांढरं उनं पोस्टातून. सस्तं भेटनं म्हनीसन मांगाडं, पांढरं उनं, मंग मी रंगाडं. हाई दखा मना हात! मी देवीले फसाडं. मी. पोरनं काही चुकेल नही. माले मारा, काढी द्या, काय करानं ते करा, पन तिले जाऊ द्या!"

मग सगळे एकदम बोलायला लागले. कुणीतरी तिला शिवी दिली. एका चुलत जावेने कपाळावर हात मारून घेतला. भाईदासने बायकोकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा त्याने मारलं असतं तर बरं. बेबाबाईचं लक्ष अक्काकडे होतं. अक्का वाटीकडे बघत होती. तिने एक बोट लाल पाण्यात बुडवलं, अंगठ्यावर घासलं, नाकाशी नेलं.

"लई जा तिले," अक्का म्हणाली. "आनि तूबी नीघ. मना डोयासमोर राहू नको."

जीप सुटली. मागच्या बाकावर लताचं डोकं बेबाबाईच्या मांडीवर, पायांशी मंजुळाबाई, पुढे छगन. खड्डा आला की लताची बोटं सासूच्या दंडात रुतत.

"आत्याबाई," तिने विचारलं, "खरंच रंग शे ना तो?"

"रंगच शे वं माय. मीच रंगाडं. तुनी आन."

"माले वाटनं..." लताचं वाक्य पुरं झालं नाही.

हायवेवर समोरून एक ट्रक आला. त्याच्या दिव्यांचा झोत जीपमध्ये पडला, आणि बेबाबाईला आपल्या लुगड्यावर, लताच्या पायांशी, लाल दिसलं. मंजुळाबाईने पटकन त्यावर पदर टाकला आणि तिच्याकडे पाहिलं. हा रंग नव्हता. बेबाबाईने लताचे डोळे तळहाताने झाकले आणि मोठमोठ्याने देवीला हाका मारायला लागली. झुलालने जीप आणखी दामटली.

धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात स्ट्रेचर आलं. नर्सने बेबाबाईचे हात पाहून विचारलं, "एवढं रक्त गेलंय? कधीपासून?"

"बाई, हातवरनं लुगडानं शे," बेबाबाई म्हणाली. "पन खालनं तिनंच शे."

नर्सला पहिलं वाक्य कळलं नसेल, दुसरं कळलं. दार बंद झालं. छगनचं रक्त काढून घेतलं. बेबाबाई बाहेर भिंतीशी उकिडवी बसली. तिला नवस बोलायची भीती वाटत होती. आता कोणत्या तोंडाने बोलायचं, आणि बोललं तरी तिचं ऐकणार कोण? ती नुसती हात चोळत राहिली. नळावर जाऊन दोनदा धुऊन आली, तरी रंग नखांतून निघेना. आश्चर्य म्हणजे लुगड्यावर टिकला नाही तो हातांवर पक्का बसला होता.

पोट फाडून बाळ काढलं. मुलगी. रडली ती मांजराच्या पिलाएवढ्या आवाजात. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. लता वाचली, पण डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस बघू.

सोमवारी दुपारी अक्का आली. विसर्जन उरकून, भाईदासला बरोबर घेऊन, एस.टी.ने. हातात फडक्याची पुरचुंडी होती. बेबाबाईने तिला दारात पाहिलं आणि ती खाटेपासून उठून पार दरवाज्यामागच्या कोपऱ्यात जाऊन जमिनीवर बसली. अक्का आता आपल्याला भाऊबंदकीतून काढल्याचं सांगायला आली आहे, याबद्दल तिला शंका नव्हती. एवढं सांगून होईस्तोवर लताला काही होऊ नये, इतकंच ती मनात म्हणत होती.

अक्का खाटेशी गेली. लताच्या कपाळावरून हात फिरवला. पेटीतली पोर काचेतून बघून आली. मग पुरचुंडी सोडली. कानबाईचा रोट होता. "ले माय, घास खा. नवस तुना व्हता."

नर्स धावत आली. "आजी, काही द्यायचं नाही! ऑपरेशन झालंय, पाणीसुद्धा नाही."

अक्का रोट हातात घेऊन तशीच उभी राहिली. कानबाईचा रोट फेकता येत नाही. घराबाहेरच्या माणसालाही देता येत नाही. भाईदास खिडकीबाहेर बघत होता. अक्काने खोलीत सावकाश नजर फिरवली आणि नजर दरवाज्यामागे येऊन थांबली.

"बेबा, आठे ये."

बेबाबाई उठली. अक्काने रोट तिच्यापुढे धरला.

"तिना वाटानं तू खा."

बेबाबाईने हात पुढे केला. लाल नखं दिसली तसा झटकन मागे घेतला. "अक्का, माले भीती वाटस. कानबाई..."

"बठेल देवीनं लुगडं कोन फेडी?" अक्का म्हणाली. "रातभर तेच नेसेल व्हती. मी समोर बशेल व्हतू, डोया लागू दिधा नही. सकाय नदीमा जास तवलोंग तेच अंगवर व्हतं. देवी काही बोलनी नही."

बेबाबाईने रोट घेतला. पहिला घास तोंडात गेला आणि तिला हुंदका फुटला. मोठ्याने, गावाकडच्या बाईसारखी, ती रडायला लागली. नर्स दोनदा ओरडून गेली. अक्काने तिला गप्प केलं नाही. तोंडातला घास संपेपर्यंत ती तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.